मेंब्रेन मेले नव्हते, मळले होते

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटावर दागिना गहाण ठेवायची पाळी आली. कोणाच्या घरी लग्न नव्हते, कोणी दवाखान्यात नव्हते. दागिना गहाण पडणार होता तो पाण्यासाठी. तो ठेवायला म्हणून आम्ही हिंगणघाटला सराफाच्या दुकानात गेलो आणि तिथे जे पाहिले, त्याची ही हकिगत आहे. आमच्यासारख्या इतर वस्त्यांतल्या मायबहिणींना उपयोगी पडेल म्हणून लिहून काढली.

आम्ही दहा जणी. कोणी शेतमजुरीला जाते, कोणी अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघींचे शिवणकाम आहे. आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीपासून थोडे आत. वर्धा जिल्ह्याची बहुतेक जमीन काळ्या पाषाणावर बसलेली आहे. या खडकाच्या फटींतून मुरत आलेल्या पाण्यात चुना आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. म्हणून आमच्या बोअरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि पाणी तापवायच्या गंजाला आतून पांढरा थर धरतो. सहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निधीतून वस्तीतल्या समाजमंदिराजवळ पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसले. तासाला ५०० लिटर पाणी देणारे. ते चालवायचे काम आमच्या गटाकडे आले. २० लिटरचा कॅन ५ रुपयांत द्यायचा, विजेचे बिल भरायचे, उरले ते गटाच्या खात्यात टाकायचे, असा ठराव झाला.

या यंत्राचे मोल आमच्या लेखी नुसते पैशांत नाही. आमच्या गटातल्या सर्वांत वडील आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्या माणसाला चढता येत नव्हते. खाली घागर ठेवून उभे राहायचे. वरून कोणी ओतले तर पाणी, नाही तर तशीच रिकामी घागर घरी. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आमच्या लेकराबाळांनाही पाठ आहे. पण आजींच्या घागरीपर्यंत ते पाणी यायला फार वर्षे लागली. आज त्याच गावाच्या चारही बाजूंची माणसे सायकलला कॅन बांधून आमच्या वस्तीत येतात, रांगेत उभी राहतात आणि "ताई, माझा नंबर आला काय?" म्हणून विचारतात. आजी ओट्यावर बसून हे रोज पाहतात. काही बोलत नाहीत, पण उठतही नाहीत.

अशा या यंत्राचे पाणी होळीनंतर कमी होऊ लागले. आधी आमच्या ध्यानात आले नाही. जो कॅन अडीच मिनिटांत भरायचा त्याला चार मिनिटे लागू लागली, मग सहा. मोटर तशीच घरघरत होती, विजेचे मीटर तसेच पळत होते. रांग लांबली, तशी कुरबुर वाढली. "बायकांच्या हाती मशीन दिली का असंच होते," असेही एक-दोघे बोलून गेले. आम्ही ऐकून घेतले, कारण उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हते.

ज्याच्याकडे देखभालीचे काम होते त्याला फोन केले. चार-पाच फोननंतर त्याचा माणूस आला. त्याने काही उघडले नाही, काही मापले नाही. नळीला हात लावून म्हणाला, "मेंब्रेन गेले. दोन्ही बदलावे लागतील. ४०,००० होतील." मेंब्रेन म्हणजे काय, ते कशाने गेले, पुन्हा जाणार नाही याची काय हमी, हे विचारले तर म्हणाला, "तुम्हाले नाही समजणार ते." सहा वर्षे आम्ही ते यंत्र चालवत होतो. बटण दाबणे आणि पैसे मोजणे एवढेच आम्हाला कोणी शिकवले होते.

गटाच्या खात्यात १७,००० रुपये होते. २३,००० कमी पडत होते. बैठकीत कोणी काही बोलेना. तेव्हा आमच्यातल्या दोघींनी गळ्यातल्या पोती काढून सतरंजीवर ठेवल्या. "वर्षभरात सोडवून घेऊ," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी हिंगणघाटची गाडी धरून सराफाकडे गेलो.

पोती वर्षानुवर्षे अंगावरच्या. घाम, तेल, हळद, शेतातली माती मण्यांच्या फटीफटींत बसलेली. सराफ म्हणाला, "बाई, मळ धरून तोलला तर वजन खोटं येईल. आधी साफ करून घेऊ." त्याच्या टेबलावर स्टीलचे एक लहानसे टाके होते, शिधा ठेवायच्या डब्याएवढे. त्यात पाणी, पाण्यात साबणाचे चार थेंब. पोती जाळीत ठेवून त्याने बटण दाबले. बारीक गुणगुण सुरू झाली आणि आमच्या डोळ्यांदेखत मण्यांमधून काळा मळ धुरासारखा निघू लागला. ना ब्रश, ना घासणे. पाच मिनिटांत पोती अशा निघाल्या की जिची होती तिलाच ओळखू येईना.

"हे कशाने झालं, भाऊ?"

"आवाजाने," सराफ म्हणाला. "आपल्या कानाला ऐकू येत नाही असा आवाज आहे. चष्मेवालेही हीच मशीन वापरतात."

तोल झाला, भाव ठरला. पण आमच्यातली धाकटी एकदम म्हणाली, "बाई, हा मळ निघते, त आपल्या मेंब्रेनचा काऊन नाही निघणार?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. सराफाला म्हटले, आठ दिवस थांबा. पोती पुन्हा पदरात बांधून आम्ही परत आलो.

आमच्या एका ताईंच्या बहिणीचा मुलगा नागपूरला केमिकल इंजिनियरिंग शिकतो. त्याला बोलावून घेतले. तो आला तो वहीच घेऊन आला. म्हणाला, "मावशी, आधी मेंब्रेन काय ते पाहा, मग आवाजाचं बोलू." कोणाच्या घरच्या फिल्टरमधले टाकून दिलेले लहान मेंब्रेन त्याने मिळवले आणि आमच्यासमोर सुरीने कापून उघडले. आत आम्हाला वाटले होते तसा कापूस किंवा कोळसा काही नव्हता. एका नळीभोवती पातळ पांढरे पडदे गुंडाळलेले, मध्ये प्लास्टिकची जाळी, चटईची गुंडाळी असावी तसे.

त्याने सांगितले ते असे. पडद्याच्या वरचा जो खरा कामाचा थर असतो तो माणसाच्या केसापेक्षा कित्येक शे पटींनी पातळ असतो. मोटर पाण्याला जोराने दाबते. पाणी त्या थरातून पलीकडे जाते, क्षार बहुतेक अलीकडेच राहतात. असा उपयोगी पडदा अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी १९६० च्या सुमारास तयार केला. यातले सौरीराजन आपल्या भारतातले. पण अलीकडे राहिलेले क्षार जायचे कुठे? थोडे पाणी त्यांना वाहून नेते, तेच आपले वाया जाणारे पाणी. ते नीट वाहिले नाही, किंवा चुना बसू नये म्हणून जे औषध थेंबथेंब सोडायचे असते ते संपले, की चुना पडद्यावर बसायला लागतो. गंजाच्या बुडाला बसतो तसाच. त्यात भर म्हणून बारीक माती, लोखंडाचा तांबडा गाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर. हौदाच्या भिंतीवर शेवाळ धरते, त्याचीच ही धाकटी बहीण.

"तुमच्या मशीनला औषधाचा कॅन जोडलेला आहे, तो कधी भरला?" त्याने विचारले. आम्ही उठून पाहिले. कॅन कोरडा ठणठणीत होता. किती महिन्यांपासून, कोणालाच सांगता येईना. तो भरायचा असतो हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

मग आवाजाचे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. त्याच्यावरचा आवाज तो श्राव्यातीत. गरोदर बाईची सोनोग्राफी होते ती याच आवाजाने, पण तिथे सेकंदाला २० लाखांहून जास्त कंपने असतात आणि जोर अगदी कमी. सराफाच्या टाक्यात सुमारे ४०,००० असतात. हा आवाज पाण्यातून जाताना पाण्याला क्षणात ताणतो, क्षणात दाबतो. ताणले की पाण्यात डोळ्याला न दिसणारे बुडबुडे होतात, दाबले की ते फुटतात. फुटताना त्या सुईच्या टोकाहून लहान जागेत हजारो अंश उष्णता आणि शेकडो पट दाब होतो, आणि जवळ काही पृष्ठभाग असेल तर त्याच्याकडे पाण्याची एक बारीक पिचकारी सुटते. अशा लाखो पिचकाऱ्या मण्यांच्या फटींत घुसतात आणि मळ सुटतो.

आमच्यातल्या एकीचे मालक पंप दुरुस्तीचे काम करतात. तेही ऐकत बसले होते. ते म्हणाले, "अरे, पंपाच्या पंख्याला खड्डे पडते, ते हेच काय?" भाचा खूश झाला. म्हणाला, "काका, हेच!" पंप नीट पाणी ओढत नसला की पंख्याजवळ असेच बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडाला कीड लागल्यासारखे खड्डे पडतात. जहाजांच्या पंख्यांना असे खड्डे का पडतात, या शोधातूनच इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली बुडबुडा फुटताना किती दाब होतो याचे गणित मांडले. म्हणजे जी शक्ती पंखा खाते तीच मळ काढते. आपल्या महाराष्ट्रात माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, जिला जुने लोक यूडीसीटी म्हणत, डॉ. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकापासून या बुडबुड्यांना कामाला लावण्याचे मोठे संशोधन केले आहे.

"मग मेंब्रेनला लावू या," आम्ही म्हटले. तो म्हणाला, "आधी तुकड्यावर लावून पाहू."

दोन दिवसांनी आम्ही कापलेल्या मेंब्रेनचे तुकडे आणि एक न कापलेली जुनी गुंडाळी घेऊन पुन्हा सराफाकडे गेलो. तो भला माणूस. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने टाके दिले, वरून चहाही पाजला. पहिला तुकडा टाकला. बुळबुळीत थर पाहता पाहता ढगासारखा सुटला. पण पांढरा चुना तसाच चिकटून होता. मग पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकले. आता चुन्याला बारीक फेस आला आणि त्याच्या पापड्या सुटून तळाला बसल्या. नुसत्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेल्या तुकड्यावर तेवढ्याच वेळात निम्मा चुना अजून शिल्लक होता. आवाज आणि आंबट मिळून काम लवकर होते, हे आमच्या डोळ्यांनी दिसले.

तिसरा तुकडा आम्ही हावरेपणाने अर्धा तास ठेवला. बाहेर काढला तर त्याची चकाकी गेलेली आणि कडेला पापुद्रा सुटलेला. आणि न कापलेली गुंडाळी? ती वीस मिनिटे ठेवली. मग उघडून पाहिली, तर वरचा एक वेढा स्वच्छ, आतले सगळे जसेच्या तसे मळलेले.

आमची तोंडे उतरली. भाचा म्हणाला, "मावशी, मोठमोठ्या प्रयोगशाळांतही हेच दिसलं आहे." जपानमध्ये नागाओका इथल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दूध आणि प्रथिनांच्या पाण्याने तुंबलेल्या पडद्यांना वेगवेगळे आवाज लावून पाहिले. सेकंदाला २८,००० कंपनांच्या आवाजाने पडदे मोकळे होत होते, १,००,००० च्या आवाजाने होत नव्हते. कंपने कमी तर बुडबुडा मोठा, आणि मोठा बुडबुडा फुटतो तो जोराने. पण जोर वाढला की पडद्यालाच इजा व्हायची भीती. शिवाय सुटलेला मळ वाहते पाणी देऊन लगेच बाहेर काढावा लागतो, नाही तर तो पुन्हा तिथेच बसतो. भाजलेल्या मातीसारख्या सिरॅमिकच्या पडद्यांना हा मार चांगला सोसतो. सपाट पडद्यांनाही आवाज पोचतो. आमच्यासारख्या गुंडाळलेल्या मेंब्रेनमध्ये मात्र प्लास्टिकचे वेढे आणि जाळ्या आवाज गिळून टाकतात, आतपर्यंत तो जातच नाही. म्हणून गावच्या यंत्रासाठी आज तरी हा इलाज हाताशी नाही.

पण त्या दुपारी सराफाच्या टाक्यात आम्ही एक गोष्ट पाहिली होती, ती आता कोणी आमच्या डोळ्यांतून काढू शकत नव्हते. मळाखाली पडदा शाबूत होता. ज्याला "गेले" म्हणून सांगितले होते ते मेले नव्हते, मळले होते. मग आवाजाने नाही तर दुसऱ्या रीतीने का होईना, धुवून पाहायला काय हरकत होती?

ती रीत मेंब्रेन बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतच दिलेली असते. भाच्याने ती शब्दशः वाचून दाखवली आणि समोर उभा राहून आमच्याकडून करवून घेतली. २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आणि एक लहान पंप. यंत्राचेच शुद्ध पाणी १०० लिटर. बुळबुळीत थर असल्यामुळे आधी कॉस्टिक सोड्याचे पाणी, रंग बदलणाऱ्या कागदाने तपासून ११ च्या आसपास. ते अगदी हळू, कमी दाबाने अर्धा तास फिरवले, तासभर भिजत ठेवले, पुन्हा फिरवले. जे पाणी बाहेर आले ते चहासारखे तांबूस होते. मग साध्या पाण्याने खळखळून धुणे. मग चुन्यासाठी १०० लिटरला २ किलो लिंबूसत्त्व, आणि पुन्हा तेच फिरवणे, तेच भिजवणे. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मे, लेकरांना जवळ येऊ द्यायचे नाही. ब्लीचिंग पावडर मात्र चुकूनही नाही, कारण क्लोरीन या पडद्याला खाऊन टाकते. सोड्याचे आणि आंबटाचे धुतलेले पाणी एकमेकांत मिसळून, कागदाने तपासून मगच बोअरिंगपासून दूरच्या शोषखड्ड्यात सोडले. कागदाचा रंग आणि पाण्यातला क्षार जागेवर आल्यावरही पहिल्या तासाचे पाणी पिण्याला दिले नाही.

संध्याकाळी यंत्र सुरू केले. दोन्ही मेंब्रेनचे पाणी वेगवेगळे मापले. एकाचे चांगले होते. दुसऱ्यातून क्षार जास्त येत होते; त्याचा पडदा खरोखरच फाटला असावा. म्हणजे एक मळले होते आणि एक गेले होते. ते एक आम्ही नागपूरहून स्वतः जाऊन १४,००० रुपयांना आणले. यंत्र बंद पडायच्या आधी तासाला १९० लिटर देत होते, आता ४४० देऊ लागले. गटाच्या १७,००० मध्ये भागले. दोन्ही पोती ज्यांच्या त्यांच्या गळ्यात गेल्या, सराफाच्या कृपेने लखलखीत होऊन.

आता समाजमंदिराच्या भिंतीला एक वही टांगलेली आहे. दर सकाळी पाळी असेल ती तीन आकडे लिहिते: कॅन भरायला किती वेळ लागला, काट्यावर दाब किती, पाण्यात क्षार किती. पाणी दहा-पंधरा टक्क्यांनी कमी झाले की धुवायचे, निम्म्यावर यायची वाट पाहायची नाही. बसलेला थर जितका जुना तितका हट्टी. औषधाचा कॅन भरल्याची तारीखही त्याच वहीत. आमच्यातल्या तिघींना सहीपुरतेच लिहिता येत होते. आकडे त्या आता सगळ्यांत सुबक काढतात.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरी किंवा वस्तीत असे यंत्र असेल तर आमचे एवढे ऐका. कोणी "मेंब्रेन गेले" म्हणाला, तर आधी पाणी आणि क्षार मापून दाखव म्हणा. सराफाच्या मशीनमध्ये मेंब्रेन घालू नका. आम्ही घालून पाहिले आहे. वाया जाणारे पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चालते. आणि यंत्र घ्यायच्या आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार योग्य मानले आहेत. त्याहून कमी असतील आणि तपासणीत दुसरा दोष निघाला नाही, तर या महागड्या पडद्याची गरजही नसेल. जंतू आणि नायट्रेट मात्र क्षाराच्या मापावरून कळत नाहीत, त्यांची तपासणी वेगळी करावी लागते.

देखभालीचा माणूस नंतर एकदा आला. वही पाहून म्हणाला, "हे कोणी लिहिलं?" आजी ओट्यावर होत्या. त्याच म्हणाल्या, "लिहिलं आमच्या पोरीनं. तुले समजते काय पाहाय."